लहान पोटासाठी दाट घास : शाकाहारी घरातील बारीक व चोखंदळ मुलांचा आहार



पिकाचे पान पिवळे पडले की आपण लगेच बांधावर उभे राहून विचार करू लागतो. नत्र कमी पडले का, पाणी साचले का, मुळाशी काही लागले का? घरातले दोन वर्षांचे मूल मात्र हाडकुळे दिसले, तर "अंगकाठीच तशी आहे" किंवा "खातच नाही, काय करणार" असे म्हणून विषय सोडून देतो. मीही तेच केले होते, म्हणून आज पिकांऐवजी या विषयावर लिहीत आहे.

मी कृषिविद्या शिकवतो. खताच्या मात्रेचा हिशोब करणे हे माझे रोजचे काम. आमचे घर माळकरी, अंडे-मासळी वर्ज्य. माझी मुलगी दोन वर्षांची झाली तेव्हा अंगणवाडीत तिचे वजन 8 किलो 900 ग्रॅम भरले. त्या वयाच्या मुलीचे वजन 9 किलोच्या खाली असेल तर ते कमी वजन समजतात. मी सेविकाताईंना सांगितले, "अहो, घरात काही कमी नाही. दूध चार वेळा, वरण-भात दोन वेळा, पेज असते." त्या म्हणाल्या, "सर, मुलगी काय खाते ते सांगितलंत. आता तिच्या वाटीत पाणी किती असतं ते सांगा." घरी येऊन पाहिले. भातावर वरणाचे वरचे पाणी, पेज पातळ आणि उरलेली भूक दुधाच्या बाटलीवर भागवलेली. पोट भरत होते, पण अन्न जात नव्हते.

हा प्रश्न एका घराचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 (2019-21) नुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील सुमारे 36 टक्के मुले कमी वजनाची आहेत आणि 35 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. 6 ते 59 महिने वयाच्या मुलांपैकी जवळजवळ 69 टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. धान्य पिकवणाऱ्या घरांनी या आकड्यांचा विचार करणे अगत्याचे आहे.

मूल खरेच बारीक आहे का?

नजरेने ठरवू नये, वजन करावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणानुसार मुलांची सरासरी वजने आणि 'कमी वजना'ची सीमा पुढीलप्रमाणे आहे.

1 वर्ष : मुलगा 9.6 किलो (सीमा 7.7), मुलगी 8.9 किलो (सीमा 7.0)
2 वर्षे : मुलगा 12.2 किलो (सीमा 9.7), मुलगी 11.5 किलो (सीमा 9.0)
3 वर्षे : मुलगा 14.3 किलो (सीमा 11.3), मुलगी 13.9 किलो (सीमा 10.8)

एका वजनापेक्षा दर महिन्याची चढण महत्त्वाची. अंगणवाडीत दरमहा वजन होते, ते चुकवू नये व नोंद स्वतः पाहावी.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्माच्या सुमारे तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात मात्र ते दोन-अडीच किलोच वाढते. वाढीचा वेग मंदावला की भूकही कमी होते. त्यामुळे दीड-दोन वर्षांच्या मुलाने ताट सरकवणे हे पुष्कळदा नैसर्गिक असते. वजन चढत असेल तर घाबरू नये. वजन थांबले असेल तर मात्र वाटीत डोकवावे.

पोट लहान, गरज मोठी

एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे 1000 किलोकॅलरी ऊर्जा, 12 ते 13 ग्रॅम प्रथिने आणि 500 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. परंतु 8 किलो वजनाच्या मुलाच्या जठरात एका वेळी जेमतेम 240 मिलिलिटर, म्हणजे मोठी वाटीभर अन्न मावते. शाकाहारी अन्न शिजताना पाणी पिऊन फुगते, त्यामुळे पोट लवकर भरते व ऊर्जा कमी मिळते.

हिशोब करून पाहू. वाटीभर पातळ पेजेत 10 ग्रॅम पीठ असेल तर त्यातून सुमारे 35 किलोकॅलरी मिळतात. त्याच वाटीत 30 ग्रॅम पिठाची दाट लापशी, एक चमचा तूप व थोडा गूळ असेल तर सुमारे 175 किलोकॅलरी मिळतात. वाटी तीच, पोट तेच, फरक पाचपट.

म्हणून तीन नियम पाळावेत.

1) अन्न दाट असावे. चमचा तिरका केला तरी चटकन ओघळू नये.
2) मुख्य जेवणाच्या प्रत्येक वाटीत एक चमचा तेल किंवा तूप घालावे. 5 ग्रॅम तेलातून 45 किलोकॅलरी मिळतात आणि वाटी मोठी होत नाही.
3) अन्न विभागून द्यावे. आपण पिकाला सगळे नत्र एकदम देत नाही, हप्त्यांनी देतो. तसेच मुलाला दिवसातून तीन-चार जेवणे व दोन वेळा मधला खाऊ द्यावा. दोन वर्षांपर्यंत व त्यापुढेही आईचे दूध चालू ठेवण्यास हरकत नाही.

धान्य आणि कडधान्य : जोडीचे पीक, जोडीचे अन्न

तुरीत बाजरी घेतो तशी ताटातही जोडी हवी. तृणधान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते कडधान्यात भरपूर असते. कडधान्यात मिथिओनिन कमी असते, ते तृणधान्यातून मिळते. दोन्ही एकत्र आली की प्रथिनांचा दर्जा सुधारतो. साधारण दोन भाग धान्याला एक भाग डाळ असे प्रमाण ठेवावे. वरणाचे वरचे पाणी न देता खालची घोटलेली डाळ द्यावी.

घरगुती सत्त्वपीठ असे करावे :

नाचणी किंवा गहू 400 ग्रॅम, मूग किंवा मूगडाळ 200 ग्रॅम, शेंगदाणे 100 ग्रॅम. सर्व वेगवेगळे खमंग भाजावे, शेंगदाण्याची साले काढावी, एकत्र दळावे व चाळून हवाबंद डब्यात ठेवावे. अशा 100 ग्रॅम पिठात सुमारे 370 किलोकॅलरी व 14 ग्रॅम प्रथिने मिळतात. शेंगदाण्यामुळे पीठ खवट होते, म्हणून पंधरा दिवसांपुरतेच दळावे.

मोडाच्या पिठाची किमया

दाट लापशी मूल गिळत नाही, अशी तक्रार येते. त्यावर उपाय धान्याच्या मोडात आहे. दाणा अंकुरतो तेव्हा त्यात अमायलेज नावाचे विकर तयार होते. ते पिष्टाचे तुकडे करते, म्हणून लापशीत पाणी न घालताही ती सैल होते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी 1980 च्या दशकात यावर काम केले.

कृती : नाचणी स्वच्छ धुऊन 12 तास भिजवावी. ओल्या फडक्यात दोन दिवस मोड आणावेत. बुरशी किंवा आंबूस वास आल्यास ती टाकून द्यावी. मोड उन्हात कडक वाळवून चोळून काढावेत. दाणे अगदी हलके गरम करून दळावेत. जास्त भाजल्यास विकर मरते. वाटीभर दाट लापशी शिजल्यावर खाली उतरवून पाच मिनिटे निवू द्यावी. मग त्यात एक लहान चमचा मोडाचे पीठ घालून ढवळावे. लापशी सैल झाली की पुन्हा दोन-तीन मिनिटे उकळून कोमट करून द्यावी.

एक सावधगिरी घ्यावी. यासाठी ज्वारीचे मोड वापरू नयेत. कोवळी ज्वारी खाऊन जनावरांना विषबाधा होते हे आपण जाणता. ज्वारीच्या अंकुरातही तेच विष तयार करणारा घटक असतो.

लोह, कॅल्शियम आणि ब-12

लोह : बाजरी, राजगिरा, कडधान्ये, तीळ व पालेभाज्यांत लोह असते, पण वनस्पतीतील लोह अंगी कमी लागते. जेवणावर लिंबू पिळल्यास किंवा सोबत पेरू, आवळा दिल्यास ते अधिक लागते. चहा ते अडवतो, म्हणून मुलाला चहा देऊच नये. दूधही दिवसाला 400 ते 500 मिलिलिटरपेक्षा जास्त नको, कारण त्याने भूक मरते व लोहही कमी शोषले जाते. अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडून आठवड्यातून दोनदा द्यावयाचे लोहाचे औषध व वयानुसार जंतनाशक मात्रा मिळते, ती टाळू नये. पेरणीसाठी बाजरी घेताना अधिक लोहाचा 'धनशक्ती' हा वाण (महाराष्ट्रात 2012 मध्ये प्रसारित) व ज्वारी घेताना 'परभणी शक्ती' विचारात घ्यावा.

कॅल्शियम : 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळात जेमतेम 10. तीळ व शेवग्याची पानेही उत्तम.

ब-12 : हे जीवनसत्त्व शाकाहारात फक्त दूध, दही, ताक यांतूनच मिळते. धान्यात, डाळीत, भाजीत ते भरवशाचे मिळत नाही. ज्या घरी सगळे दूध डेअरीला जाते किंवा दूध वर्ज्य आहे, तेथे हा धोका खरा आहे. आईच्या अंगात ब-12 कमी असेल तर तिच्या दुधातही ते कमी उतरते. अशी केवळ अंगावर पिणारी बाळे मलूल होतात, बसणे-हसणे विसरतात, हातापायांना कंप सुटतो. ही लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जावे. दूध न घेणाऱ्या घरात आई व मूल दोघांनाही डॉक्टरांच्या सल्ल्याने ब-12 चे औषध द्यावेच लागते. त्याला परसबागेत पर्याय नाही.

दोन वर्षांच्या मुलाचा एक दिवस

सकाळी : दूध अर्धा कप.
नऊ वाजता : सत्त्वपिठाची दाट लापशी 1 वाटी, तूप व गूळ घालून.
साडेअकरा : केळे किंवा पिकलेली पपई.
दुपारी : मऊ मूगडाळ खिचडी, घोटलेला लाल भोपळा किंवा पालक, 1 चमचा तूप, लिंबू.
चार वाजता : शेंगदाणा-तीळ-गुळाचा बारीक कुटलेला लहान लाडू.
संध्याकाळी : दाट वरणात कुस्करलेली बाजरी किंवा ज्वारीची भाकरी, भाजी, 1 चमचा तेल.
झोपताना : दूध एक लहान कप.

यातून साधारण 950 किलोकॅलरी मिळतात. आईचे दूध चालू असल्यास ते वेगळे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे पाच वर्षांपर्यंत देऊ नयेत, घशात अडकून जीव जाऊ शकतो. बुरशी आलेले, सुरकुतलेले किंवा कडवट शेंगदाणे कुटातही घेऊ नयेत, कारण त्यात अफ्लाटॉक्सिन हे विष असते.

चोखंदळ मुलाशी कसे वागावे?

1) नवा पदार्थ एकदा थुंकला म्हणून सोडू नये. थोडा थोडा करून दहा-पंधरा वेळा द्यावा.
2) नाक दाबून, धाक घालून भरवू नये. त्यामुळे जेवणाचीच धास्ती बसते.
3) सर्वांच्या पंगतीत बसवावे व स्वतःच्या हाताने खाऊ द्यावे. सांडले तर सांडू द्यावे.
4) जेवणाआधी तासभर दूध, बिस्किट, कुरकुरीत पाकिटे देऊ नयेत. शेतावर जाताना मूल गप्प राहावे म्हणून दिलेला बिस्किटपुडा हाच पुष्कळदा भुकेचा खरा शत्रू असतो.
5) वीस-पंचवीस मिनिटांत जेवण आटोपावे. उरले तर राग न करता उचलावे व पुढच्या वेळी पुन्हा द्यावे.

बाळाचे साडेतीन गुंठे

आता आपल्या शेताकडे येऊ. वरील आहारासाठी एका मुलाला वर्षाला साधारण 11 किलो नाचणी, 11 किलो मूग, 8 किलो भुईमुगाच्या शेंगा व 2 किलो तीळ लागतात. गहू, तांदूळ, भाकरीचे धान्य घरचेच असते. हेक्टरी 8 ते 10 क्विंटल मूग आला तर गुंठ्याला 8 ते 10 किलो पडतो. म्हणजे मूग दीड गुंठा, नाचणी एक गुंठा, भुईमूग अर्धा व तीळ अर्धा गुंठा पुरे. एकरात 40 गुंठे असतात. त्यातले हे फक्त साडेतीन! दीड गुंठ्याला मुगाचे बियाणे पाव किलोसुद्धा लागत नाही आणि पीक 65 ते 70 दिवसांत घरी येते. कपाशी-सोयाबीनच्या कडेला एवढी जागा निघतेच. बांधावर एक शेवगा, एक लिंबू, एक पपई व सांडपाण्यावर पालक आणि लाल भोपळ्याचा वेल लावावा. डेअरीला दूध घालताना घरच्या मुलाचे अर्धा लिटर आधी काढून ठेवावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

वजन सलग दोन महिने वाढले नाही, जुलाब किंवा ताप हटत नाही, दोन्ही पायांवर सूज आली, अंग फिकट पडले, किंवा सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर घरगुती उपायात वेळ न घालवता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. घेर 11.5 ते 12.5 सेंटिमीटर असेल तरी सेविकाताईंना दाखवावे.

आमच्या घरी वेगळे काही आणले नाही. बाटली बंद केली, पेज दाट केली, वरणाचा तळ ढवळून वाढला आणि तुपाचा एक चमचा ठरवून घातला. पहिले पंधरा दिवस मुलीने अर्धे थुंकले. तीन महिन्यांनी वजन 9 किलो 800 ग्रॅम भरले.

यंदा पेरणीचे नियोजन कराल तेव्हा बाजाराचा भाव जरूर पाहावा. पण पाभर चालू होण्याआधी साडेतीन गुंठ्यांची दोरी बाळाच्या नावाने धरावी. आणि आज संध्याकाळी वाढताना वाटीतला चमचा एकदा तिरका करून पाहावा.