सेवेसाठी नोकरी सोडावी का?

प्रश्न : मी रुग्णालयात परिचारिका आहे. ड्यूटीमुळे रविवारची उपासना वारंवार चुकते. प्रभूच्या सेवेसाठी नोकरी सोडावी का?
– एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : ताई, सेवा फक्त व्यासपीठावरूनच होते, हा समज आधी सोडा. प्रेषित पौल तंबू बनवून पोट भरत असे आणि सुवार्ताही सांगत असे. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही घाई केली नाही; त्यांनी मिशनचे काम सोडले ते १९१७ साली, बाप्तिस्म्यानंतर तब्बल २२ वर्षांनी! रात्रपाळीत तुम्ही जखमा धुता, तीही प्रभूचीच सेवा आहे. रविवार चुकला तर आठवड्यातली घरगुती प्रार्थनासभा गाठा. सुट्टीत संडे स्कूलचा वर्ग घेऊन पाहा. मात्र ड्यूटीवर रुग्णाला आपणहून धर्म सांगू नका. तो तेव्हा असहाय असतो. आपल्या पाळकांशी मोकळेपणाने बोला. तूर्त राजीनामा देऊ नका.