‘हळूहळू’ म्हणजे नेमके कसे?



प्रयोगवहीत तुम्ही सहज लिहून जाता, ‘तापमान हळूहळू वाढले.’ वाक्य चूक नाही. पण वाचणाऱ्याला त्यातून फारसे कळतही नाही. एकसारखे वाढले, की थांबत थांबत? उतारावरून आणि जिन्यावरून, दोन्हीकडून माणूस सावकाश वर जाऊ शकतो. उतारावर त्याची उंची सतत वाढते, जिन्यावर ती पायरीपायरीने वाढते. म्हणून पहिल्या बदलाला ‘सतत’ व दुसऱ्याला ‘टप्प्याटप्प्याने’ म्हणावे.

वाटीतले थिजलेले तूप शेगडीजवळ ठेवा. ते आधी मऊ पडते, मग सैल होते आणि शेवटी पूर्ण पातळ होते. तूप हे अनेक स्निग्ध पदार्थांचे मिश्रण असल्याने त्याला एकच ठरावीक वितळणबिंदू नाही. बर्फाचे तसे नाही. उणे ५° सें. तापमानाचा बर्फ तापवू लागलात, तर तापमान ०° पर्यंत चढते आणि तेथे थांबते. नीट ढवळत राहिलात तर शेवटचा खडा वितळेपर्यंत पारा जागचा हलत नाही. दर ग्रॅममागे सुमारे ८० कॅलरी उष्णता नुसती वितळण्यातच खर्ची पडते. म्हणजे तापमान येथे वाढते, थांबते व पुन्हा वाढते. बर्फाचे वजन मात्र या थांबलेल्या काळातच हळूहळू घटत असते. तेव्हा बदल कशाचा, हे आधी सांगावयास हवे.

खरा घोटाळा होतो तो ‘वाढ’ या साध्या शब्दाचा. स्टेशनात शिरणाऱ्या गाडीचा वेग कमी होत असतो, म्हणून काही ती मागे जात नाही! तिने कापलेले अंतर वाढतच असते. कमी होतो तो अंतर वाढण्याचा दर. हे गाडीबाबत सर्वांना पटते, पण वर्तमानपत्र हाती घेतले की आपण विसरतो. भारताची लोकसंख्या १९९१ साली ८४.६४ कोटी, २००१ साली १०२.८७ कोटी आणि २०११ साली १२१.०९ कोटी होती. दशकातील वाढीचे प्रमाण २१.५ टक्क्यांवरून १७.७ टक्क्यांवर उतरले. यावरून ‘लोकसंख्या घटली’ असे कोणी म्हटले तर ते साफ चूक. ‘वाढ घटली’ हेदेखील जपून म्हणावे लागेल, कारण दोन्ही दशकांत भर पडली ती सुमारे १८.२ कोटींचीच. घटला तो वाढीचा शेकडा दर.

महागाईचेही असेच. समजा, १०० रुपयांची वस्तू पहिल्या वर्षी ६ टक्क्यांनी महागली व दुसऱ्या वर्षी ४ टक्क्यांनी. महागाईचा दर उतरला खरा, पण वस्तू १०६ रुपयांवरून ११० रुपये २४ पैशांवर गेली. ‘दर उतरला, मग दुकानदार भाव का उतरवत नाही?’ असे विचारणारा ग्राहक उगाच त्या बिचाऱ्याशी भांडतो.

आता जरा भारदस्त शब्द घेऊ. ‘विकास’ म्हणजे मुळात उमलणे; कळी विकसते. शेपटीच्या टॅडपोलपासून बेडूक होतो तो त्या एका जिवाचा विकास होय. त्याला ‘उत्क्रांती’ म्हणू नये. जीवशास्त्रातील उत्क्रांती एका प्राण्यात घडत नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या, प्राण्यांच्या समूहात घडते. शिवाय या शब्दातील ‘उत्’ म्हणजे वर, त्यामुळे उत्क्रांती म्हणजे नेहमी वरची पायरी, असा समज होतो. परंतु अंधाऱ्या गुहांतील काही माशांचे डोळे पिढ्यांच्या ओघात नाहीसे झाले, हीही उत्क्रांतीच. गंमत अशी की, डार्विनच्या १८५९ सालच्या प्रसिद्ध ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत ‘इव्होल्यूशन’ हे नाम आढळत नाही. त्याचे क्रियापद मात्र ग्रंथाचा अगदी शेवटचा शब्द म्हणून येते.

आम्ही भौतिकीवालेही येथे धुतल्या तांदळासारखे नाही. ‘ताऱ्यांची उत्क्रांती’ असे आम्ही बेधडक म्हणतो. सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे आहे आणि आणखी सुमारे ५०० कोटी वर्षांनी तो फुगून तांबडा राक्षसी तारा होईल. पण ही एकाच ताऱ्याची जीवनकथा झाली. तीत ना पिढ्या, ना आनुवंशिकता. माझ्या मते येथे ‘विकास’ किंवा ‘जीवनक्रम’ हा शब्द अधिक बरा. रूढी मात्र मोडत नाही.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. गच्चीवरच्या टाकीतील पाण्याची पातळी दर तासाला एकदा मोजली. ती पहिल्या तासात ३० सें.मी., दुसऱ्यात २० सें.मी. व तिसऱ्यात १० सें.मी. उतरली. पुढील तीन विधानांपैकी कोणते खरे, कोणते खोटे आणि कोणत्याचा निर्णय या मोजमापांवरून करताच येणार नाही? ‘पातळी वाढू लागली.’ ‘दर तासाला होणारी घट कमी होत गेली.’ ‘पाणी सतत उतरत होते.’ तिसऱ्या विधानापाशी जरा थांबा, आणि मधल्या तासाभरात कोणी नळ बंद करून पुन्हा सोडला असता तर आपल्या वहीत काय दिसले असते, ते पाहा.