माशी कोणत्या बाजूस सरकवावी?

प्रश्न : माझ्या लिव्हरच्या एअर रायफलचे छर्रे दहा मीटरवर सतत डावीकडे पडतात. मागची साईट पक्की बसवलेली आहे. पुढची माशी कोणीकडे व किती सरकवावी?
— एक वाचक, धर्माबाद

उत्तर : मागील साईट छर्रा जिकडे न्यावयाचा तिकडे हलवितात, परंतु माशी मात्र चूक ज्या दिशेस होते त्याच दिशेस सरकवावी, असा नेमबाजीचा दस्तूर असल्याने, आपण ती डावीकडेच न्यावी. प्रमाणास त्रैराशिक पुरे : छर्रा २० मिलिमीटर चुकत असेल, दोन्ही साईटींमधील अंतर ५०० मिलिमीटर असेल आणि लक्ष्य १०,००० मिलिमीटरवर असेल, तर माशी अवघी १ मिलिमीटर सरकते. तथापि एका छर्‍यावरून निवाडा करू नये. रायफल टेकूवर ठेवून पाच छर्रे सोडावेत व त्यांच्या समूहाचा मध्य प्रमाण मानावा. मग रायफल रिकामी असल्याची खातरजमा करून, माशीच्या मूळ जागी पेन्सिलीने खूण करावी आणि पितळी दांडीने हलकेच ठोकावे. पोलादी दांडीने धातूवर वळ उठतात.

स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या पन्नास मीटर प्रकारात कांस्यपदक मिळविले, तेथील रायफलींत हे काम मागील साईटच्या चक्र्या करतात. आपणांस मात्र धीर हेच साधन. छर्रे खालीही पडत असल्यास माशीचा माथा कानशीने किंचित घासावा, परंतु सर्वांत शेवटी, कारण घासलेला धातू परत येत नाही.