तोंडातला तांबडा डाग

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रॅक्टिकल आटोपून मी सूक्ष्मदर्शक कपाटात ठेवीत होतो. आमच्या प्रयोगशाळेचे मामा टॉर्च घेऊन पुढे आले. "सर, जिभेखाली कायतरी तांबडं दिसतंय. बघा की जरा."

मी पाहिले. जिभेखाली डाव्या बाजूस हरभऱ्याएवढा, मखमलीसारखा तांबडा डाग होता. "दुखतंय काय?" मी विचारले. "न्हाई. दुखलं असतं तर आधीच दाखवलो असतो." मी म्हणालो, "उष्णता असेल. तूप लावा, तिखट कमी करा." प्राणिशास्त्राचा प्राध्यापक, आणि निदान आजीबाईचे! पुढे काय झाले ते ओघाने येईलच.

आपल्याकडे तोंडात काहीही तांबडे दिसले की ती 'उष्णता'. कन्नड विभागातील स्नेहीही 'उष्ण आगिदे' असेच म्हणतात. या एका बाबतीत तरी सीमाभागात वाद नाही. मग गुलकंद, सब्जा, जाईचा पाला. आठवड्याभरात डाग जातो आणि श्रेय पाल्याला मिळते. वास्तविक तोंडातील अस्तर बाहेरच्या त्वचेपेक्षा लवकर नवे होते. गरम चहाने भाजलेली टाळू किंवा दाताखाली आलेला गाल साधारण दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो. अर्थात दोन आठवड्यांनंतरही जो डाग जागचा हलत नाही, त्याला उष्णता म्हणता येणार नाही.

डाग तांबडा का दिसतो? एक तर तेथील रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, नाही तर रक्त वाहिनीबाहेर झिरपलेले असते, किंवा वरचे अस्तरच पातळ होऊन खालचे रक्त दिसते. डॉक्टर काचेच्या पट्टीने डाग दाबून पाहतात. वाहिन्यांतले रक्त बाजूला सरते व डाग फिका पडतो. बाहेर झिरपलेले रक्त हलत नाही. टाळूच्या मागच्या मऊ भागावर टाचणीच्या टोकाएवढे असे न हलणारे ठिपके जोराच्या खोकल्याने वा उलट्यांनीही येतात, घशाच्या जंतुसंसर्गातही येतात. पण पावसाळ्यात वसतिगृहातील विद्यार्थ्याला ताप आहे, अंग मोडून आले आहे आणि असे ठिपके दिसत आहेत, तर डेंग्यूचा संशय धरून त्याच दिवशी रक्त तपासावे. डेंग्यूत रक्त गोठविणाऱ्या बिंबिका कमी होतात. अशा वेळी मनाने अ‍ॅस्पिरिन घेणे म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण.

जिभेवर तांबडे पट्टे उमटून रोज जागा बदलत असतील तर घाबरू नये. त्यास 'नकाशाची जीभ' म्हणतात व ती निरुपद्रवी असते. जीभ सबंध तांबडी, गुळगुळीत झाली असेल तर ब-१२ जीवनसत्त्वाची वा लोहाची उणीव पाहावी. रात्री कवळी काढून न ठेवणाऱ्या वडीलधाऱ्यांची टाळू कवळीच्या मापाने तांबडी होते. ते काम बहुधा बुरशीचे.

आता सुपारी. मुंबईचे डॉक्टर एस. जी. जोशी यांनी १९५३ साली टाळू आणि घशाच्या कमानी आतून आवळत जाणाऱ्या एका विकाराचे वर्णन केले. सुपारी हे त्याचे मुख्य कारण. आरंभी तिखट सोसत नाही, तोंडात आग होते, कधी तांबडे ठिपके येतात. पुढे गाल पांढुरके व ताठ होतात आणि तोंड उघडेनासे होते. आपली तीन बोटे उभी तोंडात जातात का, हे वाचकांनी आत्ताच पाहावे. कर्नाटकात गुटख्यावर २०१३ साली बंदी आली. पण सुपारी व तंबाखू चघळायला माणसाला गुटख्याचीच पुडी लागते असे नाही.

मामा तंबाखू-चुना मळीत. निपाणीचा तंबाखू ज्या जिल्ह्यात पिकतो तेथे याचे नवल ते काय! तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडात पांढरा चट्टा दिसला की हल्ली लोक बिचकतात. परंतु कारण न सापडणारा तांबडा मखमली डाग पांढऱ्यापेक्षा किती तरी अधिक घातक असतो. १९७५ साली शेफर आणि वॉल्ड्रन या अमेरिकन संशोधकांनी अशा डागांचे तुकडे तपासले. निम्म्याहून अधिक तुकड्यांत कर्करोग खोलवर शिरलेला होता आणि उरलेल्यांपैकी बहुतेक त्याच्या उंबरठ्यावर होते. हा डाग सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि न दुखणारी गोष्ट घेऊन दवाखान्यात कोण जातो?

मामाही गेले नाहीत. त्यांनी माझ्या शब्दावर पाच महिने तूप लावले. गिळताना टोचू लागले तेव्हा दंतवैद्याने तुकडा काढून तपासणीला पाठविला. कर्करोग होता. जिभेचा काही भाग काढावा लागला, मग किरणोपचार. पाच महिने आधी कदाचित तेवढ्या डागावर भागले असते. ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत.

मामा आता कामावर आहेत. बोलणे थोडे बोबडे झाले आहे. सूक्ष्मदर्शकाच्या कपाटात एक टॉर्च आणि छोटा आरसा ठेवलेला असतो. कुणी मुलगा तोंड दाखवायला आला तर मला हाक मारण्याआधी तेच विचारतात, "दुखतंय काय?" मुलगा 'नाही' म्हणाला की डाग किती दिवसांचा ते विचारतात, आणि दोन आठवड्यांच्या वरचा असला तर त्याला हाताला धरून दंतवैद्याकडे नेतात.