निसर्गसंग्रहालय, उद्यान आणि वैद्य : येवल्यासाठी कुटुंब-परिचयवर्गांची एक रूपरेषा

औषधिद्रव्यांचे ज्ञान केवळ ग्रंथांतून होत नाही, हे आपल्या संहिताकारांना पूर्णपणे अवगत होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात असे प्रतिपादन आहे की, वनात वावरणारे अजपाल, मेंढपाळ व गोपाल वनस्पतींना नामरूपाने ओळखतात; परंतु तेवढ्याने त्यांच्या प्रयोगाचे ज्ञान होत नाही. नाम, रूप आणि योग ही तिन्ही ज्याला ठाऊक तोच खरा भिषक्. या विधानाचा पूर्वार्ध येवला तालुक्यातील वैद्याने विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. तालुक्याच्या ईशान्येकडील माळरानांवर मेंढ्या चारणारे बांधव आजही गोखरू, आघाडा, तरवड, हिवर सहज ओळखतात. याउलट योग जाणणारा वैद्य आणि चूर्ण विकणारा औषधालयाचा चालक यांचा रूपाशी असलेला संबंध मात्र दिवसेंदिवस विरळ होत चालला आहे. द्रव्य आपल्याकडे येते ते वाळलेले, कुटलेले अथवा डबाबंद स्वरूपात. जे झाड आपण वर्षानुवर्षे पाहिले नाही, त्याची साल खरी की खोटी हे आपण कशाच्या बळावर सांगणार?

या प्रश्नाचे एक उत्तर निसर्गसंग्रहालये व उद्याने यांच्या लोकशिक्षणाच्या परंपरेत सापडते. प्रस्तुत लेखात आम्ही प्रथम त्या परंपरेचा आपल्या व्यवसायाशी असलेला जुना संबंध सांगून, नंतर येवल्यासारख्या गावी ती कशी आचरता येईल याचा विचार करणार आहोत.

वैद्यकाने उभारलेले संग्रहालय

मुंबईच्या भायखळा भागातील राणीचा बाग, म्हणजेच आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, इ. स. १८६२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. त्याच आवारात १८७२ मध्ये संग्रहालय उघडले. १९७५ पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव धारण करून आहे. या संस्थांच्या उभारणीत अग्रभागी असलेले दोघेही पुरुष वैद्यक व्यवसायातील होते, ही बाब आपल्या वाचकांस रोचक वाटेल. डॉ. जॉर्ज बर्डवुड हे ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापक होते व मुंबई इलाख्यातील वनस्पतिजन्य द्रव्यांची सूची त्यांनी सिद्ध केली होती. डॉ. भाऊ दाजी हे त्याच महाविद्यालयाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. देशी वनौषधींचा त्यांना व्यासंग होता आणि कुष्ठरोगावर कडुकवठीच्या तेलाचे उपचार त्यांनी करून पाहिले होते.

पुढे १५ सप्टेंबर १८८३ रोजी याच संग्रहालयात मूठभर निसर्गप्रेमी जमले आणि मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेचा, म्हणजे सर्वत्र ‘बीएनएचएस’ म्हणून परिचित असलेल्या संस्थेचा, जन्म झाला. संस्थापकांत दोन मराठी डॉक्टर होते : प्रार्थनासमाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. सखाराम अर्जुन हे वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते. मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधिद्रव्यांची सूची त्यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केली होती. गांधीची दुकाने, बागेतील झाडे आणि संग्रहालयातील नमुने या तिन्हींकडे एकाच दृष्टीने पाहणारा चिकित्सक सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याकडे होऊन गेला, हे विसरता कामा नये.

या संस्थेचे आरंभीचे कार्य अगदी साधे होते. दरमहा एकत्र यावे, सापडलेले नमुने मांडावेत आणि एकमेकांची निरीक्षणे ऐकावीत, एवढेच. आज मुंबईत गोरेगाव येथे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून, संस्थेचे सुमारे ३३ एकरांचे निसर्गशिक्षण केंद्र आहे. तेथे निसर्गफेऱ्या, शालेय मुलांचे वर्ग आणि कुटुंबांसाठी ‘फुलपाखरांसोबत न्याहारी’ यांसारखे कार्यक्रम होतात. क्षेत्रीय वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक्रमही संस्था चालविते. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये प्रजासत्ताकदिनाच्या सुमारास भरणारे पुष्पप्रदर्शन व त्यानिमित्ताने होणारी मुलांची चित्रकला स्पर्धा हीदेखील त्याच जातीची. या सर्वांतील सूत्र एकच आहे : आजी, आई, बाप आणि मूल एका झाडापुढे एकत्र उभे राहतात. मुलाला जे दिसते ते आजीला आठवते आणि आजीला जे आठवते त्याला जाणकार नाव देतो. घरोघरी वाहत आलेले नामरूपज्ञान अशा रीतीने पुन्हा सांधले जाते.

प्रश्न केवळ हौसेचा नाही

‘हे सर्व ठीक, पण रुग्ण सोडून झाडे दाखवीत फिरण्यास सवड कोणाला?’ असा आक्षेप येईल. त्यास गुळवेलीचे उदाहरण पुरेसे आहे. कोविडच्या साथीत घरोघरी गुळवेलीचा काढा उकळू लागला. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्यावर, रुग्णांनी सेवन केलेल्या वनस्पतीची ओळख निश्चित केलेली नाही, असा आक्षेप घेतला आणि टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही खरी गुळवेल व टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिच्यासारखी दिसणारी वेल यांतील भेद जाहीर केला. २०२२ मध्ये अनेक केंद्रांतील रुग्णांचा आणखी एक अभ्यास आला. हा वाद मिटला असे आम्ही म्हणत नाही. खरी गुळवेलसुद्धा यकृतविकार अथवा स्वप्रतिकारजन्य विकार असलेल्या रुग्णास वैद्याच्या देखरेखीवाचून देऊ नये, हेच शहाणपणाचे. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. ज्या घराने कुंपणावरची कोणतीही वेल गुळवेल समजून तोडली, त्या घराला भेद सांगणारा कोणी भेटला नव्हता. ते सांगणे आपले काम होते.

तीन जोड्यांचा पाठ

परिचयवर्गात एकाच दिवशी पन्नास वनस्पती दाखविल्यास घरी जाईपर्यंत एकही स्मरणात राहत नाही. आमच्या मते एका वर्गात साम्य असलेल्या द्रव्यांच्या तीन जोड्या पुरेशा आहेत. पहिल्या वर्गासाठी पुढील जोड्या सोयीच्या ठरतील.

१. गुळवेल व क्रिस्पा : गुळवेलीचे खोड हिरवट असून त्यावर उंचवट्यांची खडबडीत पुरळ नसते, फूल सहा पाकळ्यांचे, फळ गोल व लाल. क्रिस्पाचे खोड करडे व स्पष्ट गाठीगाठींचे. कापले असता दुधासारखा स्राव येतो. पाकळ्या तीन, फळ लांबट व नारिंगी. सहभागी व्यक्तीने खोडावरून बोट फिरवून पाहावे. हा भेद डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळतो.

२. अशोक व खोटा अशोक : सीतेचा अशोक, सराका असोका, हा संयुक्त पानांचा, त्याची कोवळी पालवी तांबूस व लोंबती, फुले नारिंगी-लाल गुच्छांत. शाळा व बंगल्यांच्या कडेने उंच सरळ वाढणारा, कडा लहरी असलेल्या साध्या पानांचा वृक्ष तो खोटा अशोक, अर्थात आसुपालव. बाजारात अशोकत्वक् म्हणून याची साल मिसळली जाते, हे सर्वश्रुत आहे. येवल्याच्या कोरड्या हवेत खरा अशोक सावली व पाणी देऊनच जगवावा लागतो. म्हणून एखाद्या शाळेच्या अथवा देवळाच्या आवारात एक झाड लावून जतन करणे हेही शिक्षणच होय.

३. लहान व मोठे गोखरू : लहान गोखरू जमिनीलगत पसरणारे, संयुक्त पानांचे व अणकुचीदार काट्यांच्या फळांचे. मोठ्याची पाने साधी व मांसल, फळ चौकोनी व चार काट्यांचे; ताजी डहाळी पाण्यात ढवळली असता पाणी बुळबुळीत होते. हा प्रयोग मुलांना अतिशय आवडतो व कायमचा लक्षात राहतो.

स्थळ व काळ

येवल्यात मोठे निसर्गसंग्रहालय नाही म्हणून अडून राहण्याचे कारण नाही. तालुक्यातच ममदापूर, राजापूर परिसरात काळविटांसाठी सुमारे ५४ चौरस किलोमीटरचे संवर्धन राखीव क्षेत्र २०१४ मध्ये घोषित झाले आहे. गवताळ माळ, बोरी, बाभळी, हिवर असे हे क्षेत्र म्हणजे कोरड्या प्रदेशातील वनस्पतींचे उघडे संग्रहालयच. मात्र तेथे वनविभागाची अनुमती घेऊनच जावे आणि काडीही तोडू नये. तोडून दाखविण्याचा पाठ शेताच्या बांधावर, मालकाच्या संमतीने घ्यावा.

काळाची निवड त्याहून महत्त्वाची. आपला भाग अवर्षणप्रवण. चैत्र-वैशाखात निम्म्या वनस्पती दिसेनाशा होतात. श्रावण ते कार्तिक हा वर्गांचा खरा हंगाम. सुदैवाने आपले सण याच काळात येतात.

गणेशचतुर्थीपूर्वी पत्रींचा वर्ग घ्यावा. आघाडा, शमी, माका, डोरली, विष्णुक्रांता, अर्जुन, बेल ही पत्री म्हणजे आपल्या औषधालयाची अर्धी मांडणीच. बाजारात पत्रीच्या जुडीत अनेकदा हाताला येईल तो पाला असतो. जुडी सोडून एकेक पान ओळखण्याचा हा कार्यक्रम घरातील स्त्रियांच्या सहभागावाचून होऊ शकत नाही आणि त्यांच्याकडून आपल्यालाही शिकण्यासारखे पुष्कळ असते.

आयुर्वेददिन पूर्वी धनत्रयोदशीला साजरा होत असे. २०२५ पासून तो २३ सप्टेंबर या निश्चित तारखेस आला आहे. या सुमारास माळ हिरवा असतो. सभागृहातील व्याख्यानाऐवजी या दिवशी सकाळी दोन तासांची कुटुंबफेरी काढणे अधिक फलदायी होईल.

दसऱ्यास आपटा व कांचन यांचा भेद दाखवावा. सोने म्हणून दोन्हींची पाने ओरबाडली जातात. लहान व जाडसर पानाचा आपटा ओळखून, पाने न तोडता त्याचे बी रुजविण्याचा संकल्प मुलांकडून करवावा.

वर्गाची मर्यादा

वर्ग घेणाऱ्याने पुढील पथ्ये कटाक्षाने पाळावीत. एका वैद्यामागे पंधरा-वीसपेक्षा अधिक माणसे नसावीत. चव घेण्यास संपूर्ण मनाई असावी : धोत्रा, कण्हेर, गुंज, रुई ही सर्व आपल्या परिसरात सहज आढळतात आणि गुंजेच्या सुंदर बिया मुले हमखास खिशात घालतात. गाजरगवताने त्वचेस त्रास होणारांनी अंगभर कपडे घालावेत. वर्गात कोणासही औषधयोजना सांगू नये. ‘माझ्या गुडघ्याला हे चालेल का?’ हा प्रश्न निश्चित येतो. त्याचे उत्तर चिकित्सालयात, रुग्णपरीक्षणानंतरच द्यावे. ओळख करून देणे व उपचार सांगणे यांतील ही सीमा ओलांडली, तर आपण घराघरांत अर्धवट काढ्यांचीच भर घालू.

औषधालयातील लहान संग्रहालय

औषधालयाच्या चालकांस आमची विशेष विनंती आहे. दुकानातील एक फळी नमुन्यांसाठी राखून ठेवावी. तेथे वीस काचेच्या बरण्यांत वीस अखंड द्रव्ये ठेवावीत. प्रत्येकीवर नाम, उपयुक्त अंग, कोठून आणले व केव्हा आणले हे लिहावे. शेजारी त्याच वनस्पतीचा दाबून वाळविलेला पत्रनमुना लावावा. नमुना वर्तमानपत्राच्या घड्यांत वजनाखाली ठेवून, पहिले काही दिवस कागद रोज बदलल्यास बुरशी येत नाही. फूल अथवा फळ नसलेला नमुना ओळखीच्या दृष्टीने अपुरा समजावा. शंका असल्यास पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राकडून अथवा जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांकडून ओळख निश्चित करून घ्यावी.

‘ग्राहकाला खरे-खोटे कळू लागले, तर तो प्रत्येक पुडीवर प्रश्न विचारील’ ही भीती काही व्यावसायिकांच्या मनात असते व ती आम्ही समजू शकतो. अखंड, ओळखीची खात्री असलेले द्रव्य महाग पडते, हेही सत्य. परंतु प्रश्न विचारणारा ग्राहक हाच पुरवठादाराला प्रश्न विचारण्याचे बळ आपल्याला देतो. एका दुकानदाराने परत पाठविलेला माल दुसरीकडे खपतो. गावातील दहा दुकानदारांनी परत पाठविला, तर त्याला येवल्याची वाट धरता येणार नाही. यासाठी येथील वैद्य व औषधालये यांनी हे काम एकत्र हाती घेणे अगत्याचे आहे.

आरंभ लहान असावा. येत्या श्रावणात एक बांध, तीन जोड्या, पंधरा माणसे. त्यांत किमान पाच मुले व एखादा मेंढपाळ बांधव अवश्य असावा. नामरूपाचा गुरू म्हणून संहितेने ज्याचा उल्लेख केला, त्याला वर्गात मानाने बसवून त्याच्याकडून स्थानिक नावे लिहून घ्यावीत आणि त्यांपुढे योगाचे ज्ञान आपण जोडावे. सभासदांनी आपापल्या गावी असा वर्ग घेतल्यास त्यातील स्थानिक नावांची यादी या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावी. तालुक्याची वनस्पतिसूची अशाच लहान नोंदींतून सिद्ध होईल.