हातमागावर पोट भरतं का?

मुलाने किंवा मुलीने विणकाम, रंगाई शिकायची इच्छा बोलून दाखवली की घरात पहिला प्रश्न पोटाचा निघतो, आणि तो रास्त आहे. २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत देशभरातले सुमारे ३५ लाख लोक या कामात असल्याची नोंद झाली. या कामातल्या जवळपास दोन तृतीयांश कुटुंबांचं महिन्याचं उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत होतं. हा आकडा लपवून या क्षेत्राची भलामण करणं म्हणजे पालकांची फसवणूक आहे. मात्र या आकड्यात कोण कोण आहे, तेही पाहायला हवं. ईशान्येकडे घरापुरतं विणणाऱ्या बायका त्यात आहेत आणि नगावर मजुरी घेणारे विणकरही आहेत. या मजुरी घेणाऱ्याला रेशीम आणि जर व्यापारी देतो, नक्षी व्यापारी ठरवतो आणि गिऱ्हाईकही व्यापाऱ्याचंच असतं. म्हणून नुसतं विणता येणं हे करिअर नव्हे. नक्षी, हिशेब आणि विक्री विणणाऱ्याच्या हातात आली, तरच ते करिअर होतं.

मग थेट डिझाइनचीच पदवी का घेऊ नये? येवल्याची पैठणी पाहिली की उत्तर मिळतं. हातमागावरच्या अस्सल पैठणीत पदरावरच्या मोराच्या प्रत्येक रंगाला वेगळी कांडी असते. विणकर ती हाताने जागच्या जागी फिरवतो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवतो आणि पुढची ओळ ठोकतो. त्यामुळे मागे लोंबणारे धागे राहत नाहीत आणि दोन्ही बाजू सारख्या दिसतात. लांबीच्या मानाने साडीच्या अंगापेक्षा पदराला कितीतरी जास्त वेळ लागतो. कागदावर सहज वाढवलेली एक वेलबुट्टी मागावर काही दिवसांचं काम वाढवते, हे मागावर बसलेल्यालाच कळतं. ज्याला ते कळत नाही तो किंमत चुकीची लावतो आणि तोटा विणकराच्या माथी जातो. मागाची आणि नक्षीची सांगड नवी नाही. आपले थोर चित्रकार प्रभाकर बरवे यांनी सरकारी विणकर सेवा केंद्रात नोकरी केली होती. कच्छमध्ये आदिपूरच्या सोमय्या कला विद्येत उलट्या बाजूने हेच घडतं: विणकाम, बांधणी, अजरख आधीच येणाऱ्या कारागिरांना तिथे रंगसंगती, नक्षी आणि बाजार शिकवतात.

यंत्रापुढे हे टिकेल का, ही शंकाही खरी आहे. सोलापुरी चादर केव्हाच यंत्रमागावर गेली, यंत्रावरच्या ‘पैठण्या’ दुकानादुकानांत आहेत. साध्या कापडात यंत्राशी स्वस्ताईची स्पर्धा करू पाहणाऱ्याने या वाटेला येऊच नये. हाताची जागा थोड्या नगांच्या, वेगळ्या मालात आहे. नैसर्गिक रंगाई घ्या. सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवतात, मग तुरटीत, तेव्हा कुठे मंजिष्ठेचा लाल रंग त्यावर धरतो. हिरडा दिलेल्या त्याच कापडाला लोखंडाचं पाणी लावलं की ते काळं पडतं. निळीच्या हौदातून बाहेर काढलेलं कापड पिवळट हिरवं असतं. हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. हे सगळं रसायनशास्त्र आहे. त्यामुळे विज्ञानात रमणाऱ्या मुलाने इकडे वळणं म्हणजे हुशारी वाया घालवणं नव्हे. वहीत नोंदी ठेवून तोच रंग पुन्हा काढून दाखवणारा रंगारी फार मोलाचा असतो. सुयांवरच्या लोकरीच्या विणकामाबद्दल मात्र स्पष्टच सांगायला हवं. स्वेटरला लागलेल्या तासांचे पैसे गिऱ्हाईक क्वचितच देतं, त्यामुळे एकट्या त्यावर घर चालवायचा बेत आखू नये.

सगळ्यांत अवघड आक्षेप वेगळाच आहे: विणकरांचीच मुलं माग सोडतात, मग आमच्यांनी का बसावं? ती मुलं मजुरी सोडतात, आणि त्यांचं बरोबर आहे. बाहेरून येणाऱ्या, चार पैसे गाठीशी असलेल्या मुलाला निवड करता येते. त्यासोबत जबाबदारीही येते. विणकराचं कसब स्वतःच्या नावावर खपवायचं आणि त्याला जुनीच मजुरी द्यायची, असा धंदा करायचा असेल तर तो न शिकलेलाच बरा.

वाटा बऱ्याच आहेत. दहावीनंतर सेलम, वाराणसी, बरगढ इथल्या भारतीय हातमाग तंत्रज्ञान संस्थांत तीन वर्षांची पदविका मिळते. बारावीनंतर डिझाइनच्या पदवीसाठी अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था (एनआयडी) किंवा राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था (निफ्ट) आहे. पालकांना पाठीशी नोकरीचा आधार हवा असेल तर इचलकरंजीतलं वस्त्र अभियांत्रिकीचं शिक्षण आहे. कुठलीही फी भरण्याआधी मुलाला सुट्टीत महिनाभर एखाद्या विणकराकडे त्याचा योग्य मोबदला देऊन बसवावं, आणि तुटलेला ताणा शंभरदा जोडूनही ते दुसऱ्या दिवशी आपणहून जातं का, ते पाहावं. मग संस्थेच्या प्रवेशखिडकीवर दोनच गोष्टी विचाराव्यात: आठवड्यात मागावर किती तास बसवता, आणि कापडाचा खर्च काढायला कोण शिकवतं?