लाल दिवा आधी राऊटरवर बघा



घरातलं नेट बंद पडलं की पहिला आवाज चढतो तो मुलावर. “तूच काहीतरी दाबलं असशील, दिवसभर तो गेम!” गेल्या पावसाळ्यात नववीतली एक मुलगी रडवेली होऊन मला म्हणाली, “सर, मी हातसुद्धा लावला नव्हता.” खरंच होतं तिचं. वायर छतावर पत्र्याच्या कडेला घासून तुटली होती.

दोष शोधायच्या आधी आपण दोषी शोधतो. पूर्णासारख्या रेल्वे जंक्शनवर वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, की गाडी थांबली तर आधी सिग्नल बघायचा. राऊटरवरही दिवे असतात. ‘एलओएस’चा दिवा लाल असेल, तर बाहेरून वायरीतून येणारा प्रकाशच घरात पोचत नाही. फायबरच्या वायरीत केसासारखा काचेचा धागा असतो. वायर दाराच्या फटीत चेपली किंवा खिळ्याभोवती करकचून वळवली, तरी प्रकाश अडतो. पिन नीट बसली आहे का तेवढं बघा, पुढचं काम लाइनमनचं. तुटलेल्या टोकाला मुलांना डोळा लावू देऊ नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो.

दिवे ठीक आहेत, राऊटरजवळ नेट चालतं आणि मागच्या खोलीत नाही? मग भिंती आणि पत्रे आड येतात. राऊटर टीव्हीमागून काढून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. एकाच फोनवर अडतंय, तर तो फोन तपासा.

एक चूक मात्र घरोघरी होते. राऊटर बंद करून अर्धा मिनिट थांबणं आणि पुन्हा चालू करणं, हे रीस्टार्ट. त्यात काही बिघडत नाही. पण मागच्या बारीक छिद्रात टाचणी खुपसली की होतं ते रीसेट. त्यात वायफायचं नाव-पासवर्ड जातं, अनेकदा कंपनीने भरलेली माहितीही पुसली जाते, आणि मग वायर जोडून झाली तरी नेट येत नाही. घाबरलेली मुलं हेच करतात, कारण वडील घरी यायच्या आत त्यांना नेट चालू करायचं असतं. हा फरक मुलांना शांतपणे सांगून ठेवा.

कधी कधी दोष घरात नसतोच. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. त्या वर्षी नोंदणीच्या पहिल्याच दिवशी संकेतस्थळ बंद पडलं. घरच्या राऊटरचा त्यात काही संबंध नव्हता. तेच पान मोबाइल डेटावर उघडून बघितलं की दोष कुठे आहे हे लगेच कळतं. आणि फॉर्म शेवटच्या रात्रीवर ठेवू नका; लाइट जायला तीच वेळ सापडते.

पुढच्या वेळी नेट गेलं, तर लेकराला जवळ बोलवा आणि विचारा, “बघ बरं, कोणता दिवा लाल आहे?”